शिक्का इकडे, शाई तिकडे

आमचे हे माणसं पाठीमागून ओळखतात. समोरून कोणी हात केला की गोंधळून माझ्याकडे बघतात, "कोण गं हे?" आणि तोच माणूस वळून दोन पावलं पुढे गेला की ह्यांचा चेहरा खुलतो. "अरे, बँकेतले कॅशियर! डोक्यावर दोन भोवरे आहेत त्यांच्या." तोवर कॅशियर कोपऱ्यावरून दिसेनासे झालेले असतात आणि आम्हाला शिष्ट ठरवून मोकळेही झालेले असतात. उभा जन्म दुसऱ्यांच्या डोक्यामागे उभं राहण्यात गेला, त्याला ते तरी काय करणार? आमचं केस कापायचं दुकान आहे.

दुसरी खोड जरा अवघड आहे. समोरासमोर बसून ह्यांना मनातलं बोलता येत नाही. हवापाणी, महागाई, गिऱ्हाईक यावर तासभर बोलतील. पण आतलं काही सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. लग्न झालं तेव्हा पहिले काही आठवडे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की मी ह्यांना पसंत नाही, कोणाच्या तरी भिडेखातर लग्न केलेलं दिसतंय. मग एका सुट्टीच्या दिवशी मी न्हाऊन खिडकीशी केस सोडवत बसले होते. हे मागे येऊन उभे राहिले. माझ्या हातातला कंगवा घेतला आणि गुंता सोडवता सोडवता जे बोलायला लागले, ते केस वाळेपर्यंत थांबले नाहीत. काय बोलले ते मी सांगणार नाही. पण तेव्हापासून मला कळलं, ह्या माणसाकडून काही काढून घ्यायचं तर त्याच्याकडे पाठ करून बसायचं. आमचा संसार असा पाठमोरा, पण बरा चाललाय.

ह्यांना एकच भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि सासूसासरे आधीच गेलेले. त्यामुळे दिराचा डबा, दप्तर, ताप-खोकला, नापास झाल्यावरची समजूत, सगळं माझ्याकडे आलं. मला मूल झालं नाही. पण त्याची खंत करत बसायला भाऊजींनी मला सवडच दिली नाही, इतका उच्छाद मांडायचे. शाळा संपल्यावर ह्यांनीच त्यांच्या हातात कात्री दिली. दाढी शिकवताना फुग्याला साबणाचा फेस लावायचे आणि त्यावरून वस्तरा फिरवायला सांगायचे. फुगा फुटला की त्या दिवशीचा चहा बंद. घरात इतके फुगे फुटले की शेजाऱ्यांना वाटायचं, ह्यांच्याकडे रोजच कोणाचा तरी वाढदिवस असतो. एक दिवस फुगा फुटला नाही. त्या आठवड्यात दुकानावर नवी पाटी लागली, 'दोन भाऊ केशकर्तनालय'. आत दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि दोन कात्र्या अशा एका ठेक्यात चालायच्या की नुसतं ऐकत बसावं.

मग आली माझ्या बाबांची मिशी.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला एकच दिवस उरला होता. बाबा मिशी कोरून घ्यायला जावयाच्या खुर्चीत बसले. ह्यांनी डावी बाजू केली आणि तेवढ्यात फोन वाजला. बाबा घाईत. हे भाऊजींना म्हणाले, "तेवढी उजवी बाजू उरक." भाऊजींनी उरकली. बाबांनी आरशात पाहिलं तर मिशीची दोन टोकं दोन वेगळ्या गावांना निघालेली. डावं टोक खाली, उजवं टोक वर. जुळवता जुळवता दोन्ही बाजूंनी इतकी गेली की शेवटी सगळीच काढावी लागली. लग्नाच्या एकूण एक फोटोत बाबांचा रुमाल तोंडाशी आहे. बघणाऱ्याला वाटतं, लेक सासरी निघाली म्हणून बाप गहिवरलाय.

हे म्हणाले, "माझी बाजू बघून कापायला काय झालं होतं?" भाऊजी भरल्या दुकानात म्हणाले, "तुझी बाजूच वाकडी होती." झालं. शब्दाने शब्द वाढला, कोणी कोणाला शिकवलं इथपासून कोणी कोणाला पोसलं इथपर्यंत गेला. बाबांची मिशी तीन महिन्यांत जागेवर आली. भाऊ काही आले नाहीत.

दुकानाच्या मधोमध लाकडी भिंत उभी राहिली. दुसरं दार पाडलं. आरशाचे दोन तुकडे झाले. भाऊजींनी आपली खुर्ची तशीच इथे टाकून तिकडे नवी आणली, कारण जुनी न्यायची तर ती मागावी लागली असती. मग तिच्यावर आमचे धुतलेले टॉवेल साठायला लागले. राहता राहिलं नाव. हे म्हणाले, नाव माझ्या दुकानाचं. भाऊजी म्हणाले, दोनातला एक मी आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही धडधाकट होता. तेव्हापासून आमच्या पेठेत शेजारी शेजारी दोन दुकानं आहेत, दोन्हींवर 'दोन भाऊ' आणि दोन्हींत एकेक भाऊ. नवं गिऱ्हाईक विचारतं, "दुसरे कुठे आहेत?" दोघंही तेच उत्तर देतात, "शेजारी."

आता एक गोष्ट सांगायला हवी. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. पुढचे जमतील, मागचे नाही. त्याला दुसरा न्हावीच लागतो. आधी हे दोघं एकमेकांचे कापायचे. नंतर हे सुट्टीच्या दिवशी बस पकडून पार गावाबाहेर जायचे, तिथल्या कोणाकडून तरी कापून यायचे आणि आठवडाभर मानेवरून हात फिरवत चरफडायचे. भाऊजी काय करायचे ते कळत नव्हतं. हे कधी त्यांच्याकडे बघायचेच नाहीत. समोरून नाही आणि मागूनही नाही.

बायकांचं म्हणाल तर माझं आणि माझ्या जावेचं एका दिवसासाठीही बिनसलं नाही. भांडण मिशीचं, आम्हा दोघींना मिशी नाही. दोन्ही दुकानांचं मागचं अंगण एकच, नळ एकच. तिथे आमच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या, तिची लेक माझ्या मांडीवर पाढे म्हणायची, आणि आमचे दोघींचे नवरे आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखे त्या वाट्यांतलं चाटूनपुसून खायचे. कधी कधी हे कापता कापता थांबायचे, लाकडी भिंतीकडे कान करायचे आणि पुटपुटायचे, "धार गेलीय त्याच्या कात्रीची." गिऱ्हाईक विचारायचं, "कोणाच्या?" हे म्हणायचे, "मान सरळ ठेवा."

हिवाळ्याच्या शेवटाला जाऊ नळावर आली ती डोळे पुसतच. "ताई, मोठ्या रस्त्याकडे तो नवा मॉल झालाय ना, तिथे गाळा घेतलाय ह्यांनी. महिनाअखेर जायचं. घरही तिकडेच बघितलंय."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"मलाच काल सांगितलं. म्हणाले, भिंतीला कान लावून किती दिवस बसायचं?"

म्हणजे तिकडूनही कान लागलेलाच होता तर! मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पोर म्हणून वाढवलेला दीर, बहिणीसारखी जाऊ आणि मांडीवरची ती चिमुरडी, सगळी एकदम उठून चालली होती, आणि कशासाठी, तर माझ्याच बापाच्या मिशीसाठी. ह्यांना मी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. भिंतीपलीकडे सामान खोक्यांत भरायला सुरुवात झाली होती. संध्याकाळी हे घरी आले आणि एवढंच म्हणाले, "चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येतो दिवसभर." मी मुद्दाम केस सोडून पाठ करून बसले, हातात कंगवा दिला. बराच वेळ विंचरत राहिले. मग म्हणाले, "तिकडे गिऱ्हाईक जास्त मिळेल त्याला." आणि कंगवा खाली ठेवला. माझा हा उपाय पहिल्यांदाच वाया गेला.

त्याच सुमाराला पेठेतल्या दुकानदारांची बैठक झाली. गेल्याच वर्षी आमच्या पेठेत फुलांचं दुकान टाकलेली एक तरुण बाई आहे, तिला सगळे फुलवालीच म्हणतात. बोलायला लागली की समोरच्याने नुसती मान हलवायची. ती म्हणाली, "व्हॅलेंटाइनच्या संध्याकाळी आपण पेठ सजवू या. गाड्या बंद, दिव्यांच्या माळा, आणि सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत."

चप्पल दुरुस्त करणारे काका म्हणाले, "त्या दिवशी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी तोंड कुठे लपवायचं?"

"काका, प्रेम काय फक्त पोरापोरींचं असतं? लोक इतकी वर्षं तुमच्याचकडे चपला आणतात, ते काय नुसत्या टाचांसाठी?"

काका लाजले. बैठक तिथेच जिंकली गेली. कार्यक्रमाला नाव दिलं 'पेठेवर प्रेम'. हे बैठकीत गप्प होते, घरी येऊन म्हणाले, "पेठेवर प्रेम असतं तर माणसं मॉलमध्ये कशाला गेली असती?" कोणती माणसं, ते मी विचारलं नाही.

बेत असा होता की प्रत्येक मुलाला एक कार्ड द्यायचं, त्याने दुकानादुकानात जायचं, तिथली गंमत बघायची आणि शिक्का मारून घ्यायचा. सगळ्या दुकानांचे शिक्के भरले की बेकरीत केक. प्रत्येक दुकानाचा शिक्का वेगळा. चप्पलवाल्या काकांचा बूट, चष्मेवाल्याचा चष्मा, आमची कात्री. शिकवणीच्या फळ्यासारखं सगळं नीट आखलं होतं पोरीने. चूक एकच झाली. आमच्या घरातलं भांडण पेठेत इतकं जुनं झालं होतं की आता कोणी कोणाला ते सांगतही नसे, आणि तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिने दोन दारांवर एकच नाव पाहिलं आणि तिला वाटलं, चांगलं ऐसपैस एकच दुकान आहे. म्हणून कार्डावर 'दोन भाऊ'ला एकच चौकोन ठेवला आणि सामान वाटायला आली तेव्हा शिक्का माझ्या हातात दिला, शाईचं पॅड शेजारच्या दारात जावेच्या हातात दिलं, आणि "दोघांत मिळून एक हं!" म्हणत घाईघाईने पुढे गेली.

मी शिक्का घेऊन मागच्या अंगणात आले. जाऊ पॅड घेऊन तिकडून आली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"स्टेशनरीच्या दुकानातून दुसरं पॅड आणता येईल," ती म्हणाली.

"येईल की."

"आणू?"

"आणू नकोस."

तिने जरा विचार केला. "ताई, पाप लागेल?"

"लागलं तर अर्धं अर्धं."

त्या संध्याकाळी पेठ ओळखू येत नव्हती. रस्त्यावर गाड्या नाहीत म्हटल्यावर माणसं मधोमध चालत होती, नुसती चालण्यातच त्यांना मजा येत होती. चष्मेवाला येईल त्याच्या काचा पुसून देत होता, एक आजी चष्मा घालून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई, इतके म्हातारे झालात?" चप्पलवाले काका मुलांच्या बुटांना चकाकी आणून देत होते. शिंपीणबाईंनी जाहीर केलं होतं की कोणाचंही तुटलेलं बटण उभ्या उभ्या लावून मिळेल, तर एक गृहस्थ बायकोसमोर छाती काढून उभे होते आणि बायको म्हणत होती, "घरी मी लावते तेव्हा असे उभे राहत नाही." फोटो स्टुडिओपुढे अख्खी कुटुंबं ओळीने उभी. माझे बाबाही आले होते, पांढरी झुबकेदार मिशी विंचरून, हातात पोरांसारखं कार्ड घेऊन.

आमच्याकडे मुलांच्या कपाळावर आलेल्या बटा कापून मिळणार होत्या. ह्यांनी पहिल्या पोराची बट कापली, पोराने कार्ड पुढे केलं. ह्यांनी ऐटीत शिक्का उचलला आणि दाबला. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबला.

"शाई कुठे आहे?"

"शेजारी," मी म्हटलं आणि फडक्याने स्वच्छ आरसा पुसायला घेतला.

ह्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं. मला आरशात दिसत होतं. तेवढ्यात शेजारून दोन मुली धावत आल्या, "आजोबा, तिकडे शाई आहे पण शिक्का नाही!" त्यांच्या मागून आणखी पाचसहा जण आले, त्यांनी तोवर शाईत बोटं बुडवून पाहिली होती. मी पुसलेल्या आरशावर निळी बोटं उमटली, खुर्चीच्या हातांवर उमटली, एकाने तर ह्यांच्या पांढऱ्या शर्टावरच तपासून पाहिलं. पोरं इकडून तिकडे, तिकडून इकडे. "शिक्का द्या!" "शाई द्या!" लाकडी भिंतीपलीकडेही तोच गोंगाट. ह्यांचा तिळपापड झाला.

"मी हा शिक्काच नेऊन टाकतो त्याच्या दारात. घे म्हणावं सगळं!" असं म्हणून हे तरातरा बाहेर निघाले. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दाराकडे वळले होते. आणि नेमके त्याच वेळी भाऊजी पॅड उगारून आमच्या दाराकडे निघालेले. दोन्ही दारांच्या मध्ये, बरोबर त्या भिंतीसमोर, दोघं समोरासमोर येऊन थांबले. हलायला जागा नव्हती. दोन्हीकडची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली होती.

तिकडून फुलवालीने माइक हातात घेतला आणि आनंदाने ओरडली, "आणि हे बघा, पेठेची लाडकी जोडी, आपले दोन भाऊ!"

जुनी माणसं चालता चालता थांबली. मला वाटलं, संपलं, आता हे शिक्का फेकतात. जावेने माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. मग चप्पलवाल्या काकांनी, देव त्यांचं भलं करो, टाळी वाजवली. त्यांच्या मागून चष्मेवाल्याने, मग शिंपीणबाईंनी, मग सगळ्यांनी. एका पोराने दोघांच्या मध्ये कार्ड धरलं. आता टाळ्या वाजत असताना लहान पोराला नाही कसं म्हणणार? भाऊजींनी पॅड पुढे केलं. ह्यांनी शिक्का त्यावर दाबला आणि कार्डावर मारला. कात्री उमटली. दुसरं कार्ड आलं. तिसरं आलं. रांग पार बेकरीपर्यंत गेली.

दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. एकाची नजर पॅडवर, दुसऱ्याची कार्डावर. सुरुवातीला ह्यांचा शिक्का पॅडच्या कडेवर आपटत होता, भाऊजींच्या बोटांना शाई लागत होती.

"सरळ धर," हे म्हणाले.

"सरळच आहे," भाऊजी म्हणाले.

इतक्या वर्षांनी बोलले ते हे. मला वाटलं, पुन्हा पेटणार. पण रांग पुढे सरकत राहिली आणि हळूहळू हात जुळले. पॅडवर टप, कार्डावर टप. दोघांपैकी कोणीच सांगत नव्हतं आणि दोघांचंही चुकत नव्हतं. मी डोळ्यांना पदर लावला.

रांगेच्या शेवटाला माझे बाबा. त्यांनी गंभीर चेहऱ्याने कार्ड पुढे धरलं. दोघांचीही नजर एकदम वर गेली आणि मिशीवर थांबली. आधी डाव्या टोकावर, मग उजव्या. बाबा म्हणाले, "आता कोणी हात लावायचा नाही. आधी शिक्का मारा." लोक हसले. भाऊजींचा ओठ थरथरला, पण त्यांनी हसू गिळलं, पॅडचं झाकण लावलं आणि आपल्या दाराकडे वळले.

आणि ह्यांना त्यांची पाठ दिसली.

"थांब," हे म्हणाले. आवाज असा की भाऊजींचं पाऊल जागीच अडलं. "हे मागे कोणी कापलंय?"

"मीच."

"कसं?"

"दोन आरसे धरून."

"दिसतंय," हे म्हणाले. त्या मानेवर केसांच्या पायऱ्या पायऱ्या झाल्या होत्या, एका कानामागे तर टक्कल पडल्यासारखा तुकडा गेलेला. हे इतके कळवळले की दुखापत बघावी तसे बघत राहिले. मग भाऊजींचं कोपर धरलं आणि आमच्या दुकानात नेऊन त्या दुसऱ्या खुर्चीत बसवलं. तिच्यावरचे टॉवेल मी आधीच उचलले होते. भाऊजी काही म्हणायच्या आत ह्यांनी गळ्याभोवती कापड बांधलं, फवारा मारला, कात्री उचलली. बाहेर काचेला पोरं नाकं लावून उभी राहिली. मी आणि जाऊ दाराच्या आत, भिंतीला चिकटून.

ह्यांनी आधी त्या पायऱ्या एकसारख्या करायला घेतल्या.

"ती डावी बाजू," हे एकदम म्हणाले, "मीच वाकडी कापली होती. तेव्हा मला चष्मा लागला होता. कोणाला सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले.

"मान हलवू नकोस."

कात्री पुन्हा सुरू झाली.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, दादा?"

"तू खुर्चीत बसलास कुठे? तेव्हा सारखा समोर येऊन उभा राहायचास. समोर आलास की मला भांडायलाच सुचायचं." ह्यांनी कंगव्याने मागची बट सरळ केली, पण ती कापली नाही. कंगवा तसाच केसांत धरून उभे राहिले. "तिकडे जाऊ नकोस. तू गेलास तर मला करमायचं नाही. दिवसभर भिंतीकडे कान लावून असतो मी, तिकडून काही ऐकू आलं नाही तर काय करू? गिऱ्हाइकांचं काय, आज आहे उद्या नाही. तू जाऊ नकोस."

अख्ख्या आयुष्यात ह्यांनी कोणापुढे असं मागणं केलेलं मी ऐकलेलं नाही. माझ्यापुढेही नाही.

आरशात भाऊजींचे डोळे भरून आले. हात कापडाखाली बांधलेले, त्यामुळे पुसताही येईनात. पाणी गालावरून खाली यायला लागलं आणि कापलेले केस त्याला चिकटायला लागले. ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे केस झाडतात तसे, तितक्याच सफाईने, पण फार सावकाश, भावाचे डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा.

"मॉलवाल्यांना काय सांगू?" भाऊजींनी विचारलं.

"सांग, दादा पाठवत नाही."

भाऊजींनी मान एवढीशीही हलवली नाही, आणि ह्यांनी मागची बट कापायला घेतली.

जाऊ माझ्या कानाशी आली. "ताई, खोकी आत्ताच सोडायला घ्यायची का? ह्यांचं मन बदलायच्या आत?"

"चल," मी म्हटलं. "आणि एक कात्री घे सोबत, ती चिकटपट्टी हाताने निघायची नाही."